बोगद्याच्या वरचा रस्ता

माझी मावशी बस चालवायची. अंगानं किरकोळ, पण मनगटं अशी की कुणालाही न उघडणारी बरणी तिच्या हातात दिली की आवाजसुद्धा न करता उघडायची. डेपोत तिला सगळे ‘फर्स्टगिअर’ म्हणायचे. बाकीचे ड्रायव्हर चढावर सेकंडमध्ये गाडी दामटायचे आणि वळणावर इंजिनाचा जीव काढायचे. ही खालूनच पहिला गिअर टाकायची आणि सावकाश, एका लयीत वर जायची. नाव चिडवायला ठेवलं होतं, पण पुढं ते मायेनं चिकटलं. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या काकांना, बाजारात लोक ‘फर्स्टगिअरचे मिस्टर’ म्हणून ओळखायचे. काकांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि दुकानावर तशी पाटी लावायचं तेवढं त्यांनी बाकी ठेवलं होतं.

मी त्या वर्षांत त्यांच्याकडे वरच्या खोलीत राहायचे. दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर होते. त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि उरलेलं मावशीनं भाजी निवडता निवडता सांगितलेलं.

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी. पलीकडच्या खोऱ्यात जायला एकच रस्ता, वरच्या खिंडीतून. त्याला डांबर कधी लागलंच नाही. खडी, मुरूम, ओढ्याचं पाणी रस्त्याखालून जायला दगडी मोऱ्या आणि दरीच्या बाजूला कंबरेएवढे कठडे. सतरा किलोमीटर चढ, मग पलीकडे चौदा किलोमीटर उतार. थंडीत बर्फ पडलं की अडीच-तीन महिने बंद. मावशीनं या रस्त्यावर एकोणीस वर्षं गाडी चालवली. सकाळी सातला निघायची, सव्वाआठला खिंडीत पोचायची. तिथं रेडिएटरमध्ये पाणी घालायला गाडी चार मिनिटं थांबवायची, असा नियमच होता.

खिंडीत हवामान खात्याची एक चौकी होती. दोन खोल्यांचं दगडी घर, पुढं तारेचं कुंपण, कुंपणात पारा ठेवायची, हवा खेळावी म्हणून फटीफटींची केलेली पांढरी पेटी आणि पाऊस मोजायचं भांडं. तिथं एक बाई एकट्या राहायच्या. रोज ठरलेल्या वेळी पारा बघायचा, वारा कुठून येतोय ते बघायचं, ढग बघायचे आणि सगळं एका छापील कागदावर लिहायचं, एवढंच त्यांचं काम. तो कागद पाकिटात घालून त्या बसजवळ यायच्या आणि मावशीच्या हातात द्यायच्या. मावशी परतीच्या फेरीत तो खाली आणून टपालात टाकायची. वयानं त्या मावशीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या. मावशी त्यांना ‘हवामानबाई’ म्हणायची, त्या हिला ‘ड्रायव्हरबाई’.

पाणी घालून होईपर्यंत दोघी बोलायच्या. काय बोलायच्या? एकदा मी विचारलं तर मावशी म्हणाली, "काही नाही गं. काल वारा किती होता, तुमचा आवाज का बसलाय, लेकीचा निकाल लागला का, नवा टायर टाकला वाटतं. एवढंच." मग म्हणाली, "पण आज काय सांगायचं राहिलं ते लक्षात ठेवून उद्या सांगायचो."

कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, मावशीच्या लेकीचं परदेशी जाणं, हवामानबाईंच्या आईचं वारणं, सगळं असं चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत झालं. एकोणीस वर्षांत मावशीनं त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. गाडीत माणसं बसलेली असायची. त्यांना सोडून जाणार कशी?

मग बोगदा झाला. सहा किलोमीटरचा, सरळसोट, आत दिवे. सव्वादोन तासांचा प्रवास वीस मिनिटांवर आला. उद्घाटनाला सगळं गाव गेलं. मावशीला नवी गाडी मिळाली, गादीची सीट, हलकं स्टिअरिंग, आणि घाटाची फेरी बंद झाली. जुन्या रस्त्यावरच्या शेवटच्या फेरीला पाकीट घेताना मावशी म्हणाली होती, "येईन मी सुट्टीच्या दिवशी. निवांत बसू."

हवामानबाई म्हणाल्या, "या की. मी कुठं जातेय."

त्याच थंडीत बर्फ लवकर आलं. ते वितळलं तेव्हा नवव्या किलोमीटरवर दरड कोसळली, एक मोरी वाहून गेली, टेलिफोनचे खांबही गेले. पूर्वी असं झालं की आठ दिवसांत माणसं लागायची. आता रस्ता कुणाला हवा होता? रस्ते खात्यानं दोन मोठे दगड आडवे टाकले आणि विषय मिटवला. चौकीला लागणारं सामान महिन्यातून एकदा पलीकडच्या बाजूनं सरकारी जीपमधून जायचं; तिकडं फाटक लावलं होतं, दुसऱ्या कुणालाच आत सोडायचे नाहीत. मावशीनं त्या जीपवाल्याला गाठलं. त्यानं साफ सांगितलं, बाहेरचं माणूस बसवायची परवानगी नाही. चिठ्ठी मात्र नेईन म्हणाला.

मावशीनं चिठ्ठी लिहिली. तिला लिहायचा कंटाळा, म्हणून चारच ओळी. महिन्यानं उत्तर आलं. त्याच छापील कागदावर, मागच्या बाजूला: "तुमची चिठ्ठी मिळाली. इकडे सगळं ठीक. वाऱ्यानं पत्रा उडाला होता, बसवून घेतला. सकाळी सव्वाआठला अजून बाहेर येते. सवय."

मावशीनं ते वाचून घडी घातली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. त्या दिवशी ती जेवली नाही. काकांनी विचारलं तर म्हणाली, पोट जड आहे. पुढं हवामान खात्यानं चौकीवर आपोआप नोंद घेणारं यंत्र बसवलं आणि जीपही तीन महिन्यांनी एकदा जायला लागली. बाईंनी यंत्राच्या जोडीनं निवृत्तीपर्यंत नोंदी घ्यायच्या, असं ठरलं होतं. चिठ्ठ्या विरळ झाल्या.

मावशी रोज दहा वेळा बोगद्यातून ये-जा करायची. एकदा मी तिच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले होते. बोगद्याच्या मध्यावर तिनं वेग थोडा कमी केला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. इथंच कुठंतरी वर त्या आहेत."

मी वर पाहिलं. सिमेंटचं छत, धुरानं काळं पडलेलं.

अशी तीन वर्षं गेली. मग एक दिवस डेपोत एक तरुण इंजिनिअर बाई आली. जुना रस्ता दुरुस्त करून सायकलींसाठी खुला करायचा ठरलं होतं. नुसत्या सायकली आणि पायी माणसं, इंजिन असलेलं काहीही नाही. डोंगरातले असे पाच-सहा जुने खडीचे रस्ते जोडून लांबलचक मार्ग करणार होते. जगभरातून लोक अशा रस्त्यांवर यायला लागलेत म्हणे, जाड टायरच्या सायकली घेऊन, खास धूळ खायला. पाणी कुठं मिळतं, दगड कुठं सुटतात, वारा कुठं जोराचा असतो, हे सांगणारं माणूस तिला हवं होतं. डेपो मॅनेजरनं मावशीकडे बोट दाखवलं.

ती दोन संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात नकाशा पसरून बसली. मावशी बोटानं रस्ता चालत गेली. ही रडकी मोरी, उन्हाळ्यातसुद्धा हिचं पाणी आटत नाही. हे टोपीउडवं वळण, इथं काचा वर करायच्या. हे सासूचं वळण, संपलं असं वाटतं आणि पुन्हा सुरू होतं. इंजिनिअर हसत हसत सगळं लिहून घेत होती. कामाचं झाल्यावर तिनं विचारलं, "मावशी, तुम्हाला काय देऊ याबद्दल?"

मावशीला दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे, खिंड बोगद्यातल्या कुठल्या जागेवर येते ते नेमकं सांग. बोगद्यात दर शंभर मीटरवर हिरवी पाटी होती. इंजिनिअरनं पट्टी लावून हिशोब केला आणि सांगितलं, "आपल्या बाजूनं चौतिसावी पाटी."

दुसरी गोष्ट, रस्ता दुरुस्त झाला की फाटकाची किल्ली एक दिवसासाठी दे. काकांच्या भावाची गाडी आहे, मी जाऊन येते.

इंजिनिअरचा चेहरा उतरला. "मावशी, तेवढं नका मागू. मोटार एकदा आत सोडली की मग कुणाला नाही म्हणता येत नाही. चौकीची जीप आणि ॲम्ब्युलन्स सोडून कुणालाच नाही." मग तिनं मावशीकडे नीट पाहिलं. "तुम्ही सायकलवर का नाही जात?"

"मला येत नाही सायकल," मावशी म्हणाली.

काका शिवणयंत्रावरून मान वळवून बघायला लागले. लग्नाला तीस वर्षं झाली तरी त्यांना हे माहीत नव्हतं. "तू बस चालवतेस," ते म्हणाले.

"बसला खाली पाय टेकावा लागत नाही. ती पडत नाही."

 मग आठवड्याभरानं एका बुधवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, मी कामावरून आले तर अंगणात एक हिरवी सायकल उभी. जुनी, जाड टायरची, एकवीस गिअरची. मावशी तिच्याभोवती हात मागं बांधून फिरत होती. "माझ्या बसला सहा," ती मला म्हणाली, "आणि हिला एकवीस. कुठं घालवायचे एवढे?"

ती तेव्हा चौपन्न वर्षांची होती. डेपोच्या मागं गाड्या धुवायचं मोकळं पटांगण होतं. तिथं काका कॅरिअर धरून मागं पळायचे, आणि ती पडायची. अडचण तोलाची नव्हतीच. मावशीचा उजवा पाय घात करायचा. समोर काही आलं की हाताचा ब्रेक दाबायचं तिच्या डोक्यात यायच्या आधी उजवा पाय जोरात खाली दाबला जायचा, तीस वर्षांच्या सवयीनं, आणि सायकल थांबायच्या ऐवजी उडी मारून पुढं जायची. असं करून ती एकदा डिझेलच्या पिंपावर आणि एकदा थेट डेपो मॅनेजरवर गेली. मॅनेजर उठून कपडे झटकत म्हणाले, "बाई, तुमची तीस वर्षं विनाअपघाताची आहेत. निवृत्ती जवळ आलीय. जरा बघा."

डेपोत चेष्टा झाली, नाही कसं? कंडक्टर लोक शिट्टी वाजवायचे, थांब्याची नावं ओरडायचे. ती मनावर घ्यायची नाही. काकांनी मात्र मनावर घेतलं. त्यांनी तिला जाड कापडाची विजार शिवली, आतून बसच्या जुन्या सीटचा फोम लावलेली. ती घालून मावशी आरशात बघून म्हणाली, "मी बदकासारखी दिसते." काका म्हणाले, "दिसेनास का. बूड शाबूत राहील."

त्याच सुमारास एकदा काकांनी मला हळूच विचारलं, "तुला काही बोलते का गं ती? त्या वरच्या बाईंबद्दल?" मी म्हटलं, अधूनमधून. ते बराच वेळ बटण लावत बसले. मग म्हणाले, "माझ्याशी ती दिवसभराचं सगळं बोलते. पण कशाची आठवण येते ते नाही सांगत. मला वाटायचं, तिला कशाची आठवणच येत नसेल."

रस्ता खुला झाला तो उन्हाळ्याच्या सुरुवातीला. फाटकाला लोखंडी खांब, सायकल जाईल एवढीच फट. पहिल्या बुधवारी मावशी पहाटे उठून गेली आणि दुपारी दोन्ही गुडघे सोलून परत आली. नवव्या किलोमीटरवर, जिथं दरड कोसळली होती, तिथली नवी खडी अजून बसलेली नव्हती. चाक रुतलं, पाय सवयीनं खाली गेला आणि ती आडवी झाली. तिथून तिला वरचा कठडा दिसत होता. पण धुकं उतरायला लागलं, पाण्याची बाटली फुटली होती, आणि ती परत फिरली. मी जखमा धुतल्या तेव्हा ती एकदाही हाय-हुय म्हणाली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "बसमधून चढ जाणवतच नव्हता गं. एवढी वर्षं मी त्यांना भेटायला गेले असं समजत होते. भेटायला इंजिन जात होतं."

त्यानंतर तिनं सहा बुधवार घेतले. दर बुधवारी आणखी थोडं वर. चढ फार झाला की उतरायची आणि सायकल ढकलत चालायची. एकवीसपैकी ती एकच गिअर वापरायची, सगळ्यात हलका. कोणता ते सांगायला नको.

सातव्या बुधवारी ती पोचली. दुपारचे पावणेदोन झाले होते. पुढं जे झालं ते तिनं मला इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथं उभी होते असं वाटतं.

हवामानबाई कुंपणाच्या आत पांढऱ्या पेटीचं दार उघडून उभ्या होत्या. केस पूर्ण पिकलेले, पाठ थोडी वाकलेली. चाकाचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, मावशीला पाहिलं आणि हात वर केला, थांबा म्हणून. मग पुन्हा वळून पारा वाचला, कागदावर लिहिला, पेटीचं दार लावलं, कडी घातली. नोंद अर्धी सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मावशी कठड्याला टेकून धापा टाकत उभी होती.

त्या कुंपणाच्या दारापाशी आल्या. "गाडी फार उशिरा आली," म्हणाल्या.

"रस्ता खराब होता," मावशी म्हणाली.

मग त्यांनी मावशीच्या कोपरापाशी जिथं खरचटलं होतं तिथं बोट ठेवलं आणि हात तसाच धरून तिला घरात नेलं.

घर एवढंसं. एक खाट, एक टेबल, भिंतीला लावून नोंदवह्यांच्या थप्प्या, चुलीवर किटली. त्यांनी चहा केला. दोघी बोलल्या: लेक कशी आहे, पत्रा बसवला तो टिकला का, बोगदा आतून कसा दिसतो. आणि मग बोलणं संपलं. मावशी सांगायची, "तीन वर्षं मी मनात बोलत होते त्यांच्याशी. आणि समोर बसल्यावर जेमतेम चार मिनिटांचं निघालं. पुढं काय बोलायचं ते आम्हाला येतच नव्हतं." दोघी कपाकडे बघत बसल्या. बाहेर वारा. मावशीला वाटायला लागलं की आपण चूक केली. जे होतं ते तेवढंच होतं आणि आपण उगाच मोठं करून ठेवलं.

ती उठून खिडकीपाशी गेली, काहीतरी करायचं म्हणून. खिडकीला लागून एक खुर्ची होती, हातांना घासून गुळगुळीत झालेली. खिडकीतून खालचा सगळा रस्ता दिसत होता, बाराव्या किलोमीटरपर्यंत, वळणामागून वळण.

"इथून गाडी दिसायची?" मावशीनं विचारलं.

"दिसायची ना. त्या खालच्या झाडापाशी आली की दिसायची. तिथून वर यायला तुम्हाला पंचवीस मिनिटं लागायची. दुसरे ड्रायव्हर असले की पंधरा." त्या मागून येऊन उभ्या राहिल्या. "तुमच्यासाठी ती चार मिनिटं असतील. मी साडेसातलाच चहा घेऊन इथं बसायची. मध्येच गाडी वळणाआड जायची, पुन्हा निघायची. तुम्ही सावकाश यायचात, ते मला फार बरं वाटायचं."

 मावशीला सगळ्या डेपोची चेष्टा आठवली, असं ती सांगायची, आणि पहिल्यांदा वाटलं की आपण उगाच नव्हतो सावकाश जात. मग ती त्या खुर्चीत बसली आणि बाई खाटेवर बसल्या. दोघींनी तासभर नुसता रस्ता बघितला. दोन सायकलवाले खालून वर आले, मुंगीएवढे. बाईंनी त्यांचा वेग सांगितला, मावशीनं ते कुठं उतरून ढकलतील ते सांगितलं. तिथंच उतरले ते.

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या दोन महिन्यांत मावशी अकरा वेळा वर गेली. काका तिच्याबरोबर डबा द्यायचे, दोघींचा. एकदा त्यांनी हवामानबाईंसाठी एक जाड कोट शिवून दिला, माप न घेता, मावशीच्या वर्णनावरून. बरोब्बर बसला. बाईंनी निरोप पाठवला की शिंपीदादांना माझ्याबद्दल बरीच माहिती दिसते. काका दिवसभर खूश होते.

पण आठव्या भेटीत बाईंनी सांगितलं की त्यांची निवृत्ती थंडीच्या आधी आहे. चौकी बंद होणार, यंत्र एकटं राहील. समुद्राकाठच्या शहरात धाकटा भाऊ आहे, त्याच्याकडे जायचं. मावशी म्हणाली, "इकडे खाली राहा ना. आमची वरची खोली आहे, भाचीला कुठंतरी हलवू." हे मला नंतर कळलं. मी रागावले नाही.

बाई म्हणाल्या, "डोंगराच्या पायथ्याशी राहून वर बघत बसायचं? नको. एक तर वर, नाही तर पार लांब."

त्यांना न्यायला जीप पलीकडून आली. पलीकडच्या गावी त्यांनी आपली पेटी आणि दोन पिशव्या घेतल्या आणि रेल्वे आमच्या बाजूला असल्यामुळं बस पकडली. मावशीनं फेरी मागून घेतली होती. मी त्या दिवशी रजा टाकून मावशीबरोबर गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. बाई पुढच्या सीटवर बसल्या, काकांनी शिवलेला कोट घालून. त्या बोगद्यात पहिल्यांदाच जात होत्या. दिवे एकामागून एक मागं पळत होते. त्या पलीकडच्या तोंडानं आत शिरलेल्या, त्यामुळं मावशीनं पाट्या उलट्या मोजल्या आणि चौतिसावी आली तशी गाडी हळू केली. मागून कुणीतरी विचारलं, काय झालं. 

"आपण कुठं आहोत?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या घराखाली."

बाईंनी वर बघितलं. बराच वेळ, पाटी मागं पडली तरी. मग म्हणाल्या, "रोज जाताना तुम्ही इथं हळू करत होतात?"

"हो."

"मला वर काहीच कळलं नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी रुमालानं चष्मा पुसायला घेतला. स्टेशन येईपर्यंत त्या तो पुसतच होत्या.

त्यानंतर मावशीनं चौतिसाव्या पाटीपाशी कधी वेग कमी केला नाही. मी मुद्दाम बघितलं. उलट तिथं ती थोडी जोरात जायची.

पत्रं आली काही वर्षं. भावाचं घर चांगलं आहे, माणसं प्रेमळ आहेत, खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसते. मावशी निवृत्त झाल्यावर एकदा काकांना घेऊन आगगाडीनं तिकडे जाऊन आली. दीड दिवसाचा प्रवास. भावाच्या घरच्यांनी खूप आदरातिथ्य केलं, हलूच दिलं नाही, आणि दोघींना एकट्या बसायला अर्धा तास काही मिळाला नाही. परत आल्यावर मावशी म्हणाली, "तिथं त्या पाहुण्या होत्या आणि मी पाहुण्यांकडे आलेली पाहुणी." पुढं बाईंना दिसायचं कमी झालं आणि पत्रं भावाची सून लिहायला लागली. मग तीही थांबली. बाई आहेत अजून. एवढंच माहीत आहे.

तो रस्ता आता नावाजला आहे. उन्हाळ्यात रोज पाच-पन्नास सायकली असतात. वळणांवर लाकडी पाट्या आहेत, मावशीनं सांगितलेल्याच नावांच्या, आणि सासूच्या वळणावर लोक हसत फोटो काढतात. मोटारीचा आवाज नसल्यामुळं मोरीचं पाणी लांबून ऐकू येतं. चौकीच्या घरात विसाव्याची जागा केली आहे. रस्ते खात्यानं मावशीला विचारलं होतं, उन्हाळ्यात तिथं बसाल का, येणाऱ्यांना पाणी-चहा द्यायला? ती नको म्हणाली; घरापासून जवळ नाही हे कारण तिनं सांगितलं.

गेल्या वर्षी मी तिच्याबरोबर गेले होते. तिची एकसष्टी झालीय, गुडघा बोलतो. आता ती सातव्या किलोमीटरपर्यंतच जाते. तिथं कठड्यावर बसून तिनं सफरचंद कापलं, अर्धं मला दिलं. वरून एक तरुण जोडपं धूळ उडवत खाली आलं, थांबून त्यांनी विचारलं, खिंड किती लांब आहे, आम्ही पलीकडून आलो पण मध्ये धुकं होतं, कळलंच नाही कधी ओलांडली ते. मावशीनं त्यांना सांगितलं की दहा किलोमीटर मागं राहिली. ते निघून गेले.

"धुक्यात गेले म्हणजे खिडकीसुद्धा दिसली नसेल त्यांना," ती म्हणाली. 

थोड्या वेळानं उठून तिनं सायकल खालच्या दिशेला वळवली. "पुढं जायचं का थोडं?" मी विचारलं. "वेळ आहे अजून."

"नको. इथून पुढं गेलं की जीव वरच राहतो." तिनं सीटवर बसून ब्रेक दाबून बघितले, दोन्ही, हातांनी. "येताना पॅडल मारावंच लागत नाही बघ. त्याचंच वाईट वाटतं."

मग ती माझ्यापुढं निघाली, वळणावर कडेची बाजू धरून, अगदी सावकाश.